सोमवारचं हृदय

काटेबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणत, ते काही खरं नव्हतं. शेंड्यावर जाऊन बसायला रागाला थोडी तरी उसंत लागते. बाईंचा राग सकाळी सातच्या ठोक्याला कामावर हजर असे, बाईंच्याही आधी.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. पण रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात शिरताना दाराशीच वजनाचा काटा होता आणि त्या काट्याशेजारी त्या बावीस वर्षं उभ्या होत्या, म्हणून त्या काटेबाई. काम तंत्रज्ञाचं. मशीन धुणं, नळ्या जोडणं, सुया टोचणं, चार तास नजर ठेवणं. पण सगळ्याची सुरुवात काट्यापासून. ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांना लघवी होत नाही, झालीच तर नावापुरती. मग प्यायलेलं पाणी जातं कुठे? कुठेच जात नाही. पायात उतरतं, पोटात साठतं, छातीत भरतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा मशीन ते ओढून काढतं. सगळं जादा पाणी निघाल्यावर उरतं ते त्या माणसाचं कोरडं वजन. बाईंना चोवीस माणसांची कोरडी वजनं तोंडपाठ होती. नवऱ्याचा वाढदिवस मात्र दरवर्षी चुकायचा.

"साडेतीन किलो!" बाई कडाडायच्या. "शनिवार-रविवार काय नळाला तोंड लावून बसला होतात?"

"उकाडा किती आहे बघा ना, बाई."

"मला नाही उकडत? मी प्यायलेलं बाहेर पडतं, तुमचं पडत नाही. लाज वाटत नसेल तर नका वाटून घेऊ, निदान भीती तरी वाटू दे!"

ज्याला बोलणी बसत तो मान खाली घाले आणि बाकीचे गालातल्या गालात हसत. सगळ्यांना ठाऊक होतं, की तिसऱ्या तासाला रक्तदाब कोसळला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, की डॉक्टर यायच्या आत पाय वर उचलून धरणारे हात याच बाईंचे असतात. तेव्हाही तोंड चालूच असायचं. "खबरदार डोळे मिटलेत तर. माझ्या पाळीत मरायचं नाही, सांगून ठेवते."

सहा नंबरच्या पलंगावर क्लचमास्तर. वय चव्वेचाळीस, धंदा मोटार शिकवण्याचा. बाई मशीन सुरू करायला आल्या की ते पडल्या पडल्या सूचना द्यायचे, "क्लच हळू सोडा बाई, गाडी धक्का खाते." तीन वर्षं तोच विनोद आणि तीन वर्षं बाईंचं तेच उत्तर, "तोंड बंद करा, हवा जाते आत." मास्तर बायको-मुलीला घेऊन दोन खोल्यांत राहायचे, आणि उरलेला संसार त्यांच्या मोठ्या बहिणीच्या जिवावर होता. या बहिणीला सगळा विभाग ताईच म्हणे. कपडे इस्त्री करण्याच्या दुकानात तीस वर्षं उभं राहून तिच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. पण तिची किडनी मास्तरांशी जुळली होती आणि ती द्यायला ती एका पायावर तयार होती. "माझ्याकडे दोन आहेत, त्याच्याकडे एकही नाही. यात विचार करायला काय आहे?" असं तिने डॉक्टरांनाच विचारलं होतं.

रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या पार पडल्या. उरली होती हृदयाची. इतकं मोठं ऑपरेशन हृदयाला झेपेल की नाही, हे बघितल्याशिवाय प्रत्यारोपण समिती हो म्हणत नाही. तीही झाली, आणि एका शुक्रवारी समितीचं पत्र आलं.

त्या दिवशी मास्तर क्लचबद्दल काही बोलले नाहीत. बाईंनी नळ्या जोडल्या, बटण दाबलं, वाट बघितली. गडी गप्पच.

"काय झालं? मौनव्रत घेतलंय?"

मास्तरांनी उशीखालचा कागद काढून दिला. हृदयाचा जोर एकतीस टक्के. समितीला किमान चाळीस हवेत. भिंती जाड, पोकळी मोठी. प्रत्यारोपणास अयोग्य, यादीतून नाव कमी करण्यात येत आहे.

"म्हणजे आता हे मशीन आणि मी," मास्तर म्हणाले. "एकतीस टक्क्यांवर गाडी किती दिवस चालेल, बाई? खरं सांगा."

बाईंनी सुयांवरची पट्टी सरळ केली आणि कागद हातातच ठेवला. त्या बाहेर आल्या. बाकावर ताई बसली होती. ती रडत नव्हती; ती भांडत होती, समोर कुणी नसताना. "किडनी काय मी बाजारात मांडली होती? आठ महिने सुया टोचल्या मला. रक्त काढलं, बाटल्या भरून लघवी गोळा केली, म्हणाल त्या यंत्रात घातलंत. आणि आता एक कागद पाठवून मोकळे! त्याची मुलगी दहावीला आहे हो. तिला मी काय सांगू, बापाचं हृदय नापास झालं म्हणून?"

बाईंनी कागद परत एकदा वाचला. या वेळी वरून. वरच्या कोपऱ्यात तपासणीचा वार आणि वेळ होती. सोमवार, सकाळी पावणेआठ.

पावणेआठ. म्हणजे डायलिसिसच्या आधी. शुक्रवारी दुपारी मशीनवरून उठलेला माणूस शनिवार-रविवार सगळं पाणी अंगात घेऊन सोमवारी येतो. आठवड्यातला सगळ्यात वाईट तास तो. बाईंनी वजनांची वही उघडली. त्या सोमवारी मास्तर कोरड्या वजनाच्या चार किलो दोनशे ग्रॅम वर होते. त्यांना आठवलंसुद्धा. मास्तर काट्यावर चढताना धापा टाकत होते आणि त्यांनी मास्तरांना चारचौघांत फैलावर घेतलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. चार लिटर पाण्यात बुडालेल्या हृदयाचा फोटो काढायचा आणि वर म्हणायचं याला पोहता येत नाही! बाईंनी मशीन सहकारी बाईच्या हवाली केलं, वही काखोटीला मारली आणि जिना उतरून त्या तळमजल्यावर हृदयतपासणीच्या खोलीत घुसल्या.

तिथे टू-डी एको करणारी मुलगी यंत्राचा पडदा पुसत होती. मुलगी म्हणजे तिशीची, हुशार आणि जिभेची बाईंच्या तोडीस तोड.

"सोमवारी सकाळी डायलिसिसच्या माणसाचा एको करतेस? शिकलीस कुठे गं तू?"

"बाई, आधी आवाज खाली. दुसरं म्हणजे मशीन जे दिसतं तेच दाखवतं."

"दिसतं ते पाणी! माणूस चार किलो फुगलाय, त्याचं हृदय फुगणार नाही तर काय होणार? मास्तरांचं नाव कापलंत तुम्ही यादीतून!"

"मी नाही कापलं. मी फक्त मोजते." पण मुलीने वही ओढून घेतली, आकडा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "चार दोनशे? मला हे कुणी सांगितलंच नाही. माझ्याकडे चिठ्ठीवर नुसतं नाव येतं."

मग ती जरा नरमाईने बोलायला लागली. एकोचं कसं असतं, तिने सांगितलं, बरगड्यांच्या फटीतून डोकावायचं, दोन-तीन बाजूंनी मापं घ्यायची आणि उरलेलं गणिताने भरून काढायचं. हृदयाचा आकार सरळसाधा असेल तर गणित बरोबर येतं. फुगलेल्या, वेड्यावाकड्या हृदयात चूकही फुगते.

"मग दुसरं काही नाही तुमच्याकडे? एवढी यंत्रं आणून ठेवलीत ती काय पूजेला?"

"आहेत ना. सीटी आहे. पण तुमच्या लोकांच्या रक्तवाहिन्यांत चुना इतका साठलेला असतो, की सीटीत चुनाच चमकतो आणि नळी दिसत नाही. शिवाय त्याचं औषध टोचलं की उरलीसुरली लघवी जायची भीती. किरणोत्सारी औषधाचा स्कॅन आहे. रक्त कुठे कमी पोचतंय ते त्यात कळतं. पण हृदयाच्या तिन्ही नळ्या सारख्याच अडलेल्या असल्या की सगळीकडे सारखंच दिसतं आणि रिपोर्ट येतो झकास. एमआरआय सगळ्यात भरवशाचा. तो अख्ख्या हृदयाचे काप करून मोजतो, अंदाजपंचे काही नाही. त्याचं औषध मात्र किडनी गेलेल्याला देताना शंभर वेळा विचार करावा लागतो. काहींची कातडी आखडून लाकूड झालेली आहे. औषधाशिवाय करता येतो, जोर मोजायला तेवढा पुरतो."

"मग कर एमआरआय!"

"बाई, एमआरआयलाही पाणी कळत नाही हो! चार किलो वर असलेला माणूस त्यात घातलात तर तोही फुगलेलंच हृदय दाखवेल, फक्त अगदी अचूक मोजून. कुठलंही यंत्र घ्या, माणूस कोरडा हवा. डायलिसिस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. लगेच त्याच दिवशीही नाही, तेव्हा हृदय दमलेलं असतं."

"हे तुला माहीत आहे!" बाई परत भडकल्या. "माहीत असून सोमवार! कुणी ठरवला हा सोमवार? कुठल्या दीडशहाण्याने?"

मुलीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिने कपाटातून एक जुनी फाइल काढली. "मी आले तेव्हापासून असंच चालतं. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा मला हा कागद दाखवला होता. तुमच्याच विभागाची विनंती आहे."

नऊ वर्षांपूर्वीचा कागद. अक्षर वाचायची गरजच नव्हती. स्वतःचं अक्षर माणूस लांबूनही ओळखतो.

"डायलिसिसच्या रुग्णांना एकोसाठी वेगळ्या दिवशी बोलावू नये. डायलिसिसनंतर त्यांच्यात उभं राहण्याचं त्राण नसतं. तरी त्यांचा एको सोमवारी सकाळी डायलिसिसपूर्वी करावा, म्हणजे एका फेरीत काम होईल." खाली बाईंची सही, आणि त्याखाली त्या वेळच्या दोन डॉक्टरांच्या, न वाचता ठोकलेल्या.

बाईंना सगळं आठवलं. तेव्हा एक म्हातारी होती, तीन बस बदलून यायची. डायलिसिसला तीन फेऱ्या, आणि चौथी एकोसाठी. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत. एके दिवशी ती एकोच्या रांगेत चक्कर येऊन पडली. बाई त्या वेळी सगळ्या रुग्णालयाशी भांडल्या होत्या. महिनाभर त्यांनी साहेबांच्या दाराशी ठिय्या दिला होता. शेवटी सोमवार मिळाला तेव्हा विभागात टाळ्या वाजल्या होत्या. बावीस वर्षांत जिंकलेलं हे एकच मोठं भांडण, आणि नऊ वर्षं त्या ते नव्या मुलींना अभिमानाने सांगत आल्या होत्या. पाण्याचा ग्रॅम न् ग्रॅम मोजणाऱ्या बाईला, पाण्यात बुडालेलं हृदय कसं दिसेल हे एकदाही सुचलं नाही. आपलं काम काट्याशी, हृदय तळमजल्यावर! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी स्वयंपाकघरात तीन भांडी आपटली. नवरा छापखान्यात कागद कापायचा, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण तू चांगल्या मनाने केलंस ना?"

"चांगलं मन घेऊन काय चाटायचंय?" बाई किंचाळल्या. "वाईट मनाने केलं असतं तर कुणीतरी तपासून तरी बघितलं असतं! चांगल्या मनाने केलं म्हणून नऊ वर्षं कुणी हात लावला नाही."

 नवऱ्याने भांडी उचलून जागेवर ठेवली.

पुढचे तीन आठवडे मास्तरांनी जे भोगलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना गाठून बाईंनी नव्या तपासणीची परवानगी काढली आणि मास्तरांना सुकवायला घेतलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून वेळ अर्धा तास वाढवला, मीठ तोडलं, दिवसाचं पाणी मापाच्या पेल्याने. ताईने दुकानातून घरी जाता-येता पेला तपासायचा. मास्तर म्हणाले, "एक बाई काट्यावर, दुसरी पेल्यावर. मधे मी." पण हे सगळं कशासाठी ते त्यांना कळत होतं, आणि सुकलेल्या ओठांवर जीभ फिरवत ते सोसत राहिले. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी मास्तर कोरड्या वजनावर उतरले, वर शंभर ग्रॅमसुद्धा नाही. गुरुवारी सकाळी एको झाला आणि त्याच दुपारी बिनऔषधाचा एमआरआय.

एकोत बेचाळीस. एमआरआयमध्ये चव्वेचाळीस.

आता आनंदीआनंद व्हायला हवा होता. झाली ती बैठक. लांब टेबल, समितीचे पाच जण आणि वजनांची वही घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत काटेबाई. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, पहिला एको आमच्या यंत्राचा आहे, तो चुकीचा कसा म्हणता? दुसरे म्हणाले, एमआरआयपुढे एकोला कोण विचारतो? तिसऱ्यांनी नवीन एको यंत्र घ्यायचा विषय काढला. अर्धा तास यंत्रांची लग्नं लागत होती आणि मोडत होती. कुठल्या यंत्राचा डोळा तीक्ष्ण, कुठल्या यंत्राचा आकडा किती खरा. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

बाईंनी वही टेबलावर आपटली. पाण्याचा पेला उडाला.

"यंत्राला काय धाड भरलीय? यंत्र बदला नाहीतर अख्खं रुग्णालय बदला, सोमवारी आणलात तर तोच माणूस नापासच होणार! एकाच माणसाचं हृदय आहे हे. सोमवारी एकतीस आणि गुरुवारी बेचाळीस. मधे काय बदललं? सव्वाचार किलो पाणी! यंत्र नाही, वार बदला!"

 मग किडनीचे मोठे डॉक्टर उठले आणि त्यांनी बाईंना बाहेर नेलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, मास्तरांचं होऊन जाईल. आपण असं लिहू, की एमआरआय अधिक अचूक असल्याने तो ग्राह्य धरला. बस. पुढच्या महिन्यापासून गुरुवार सुरू करू, गाजावाजा न करता. तुमचा तो जुना कागद मी बघितला. तुमचं नाव कशाला यायला हवं? माझ्याही आधीच्यांच्या सह्या आहेत त्यावर."

"आणि आधीचे?"

"कोण आधीचे?"

"सोमवारी नापास झालेले. नऊ वर्षांतले. गाजावाजा न करता गुरुवार सुरू केलात तर त्यांना कोण सांगणार, की पुन्हा या?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंना त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांना बरं वाटलं होतं. नाव येणार नाही म्हणून.

"कागद द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. सोमवारची पद्धत माझ्या मागणीवरून सुरू झाली. ती चुकीची आहे. त्या दिवशीच्या वजनामुळे हृदय आहे त्याहून वाईट दिसतं. सोमवारच्या एकोवरून ज्यांना नाकारलं त्या सगळ्यांना कोरड्या वजनावर पुन्हा तपासावं. सही केली, वजनांच्या वहीची पानं जोडली आणि पाचही जणांसमोर एकेक प्रत ठेवली, म्हणजे कुणाच्या एकट्याच्या खणात ती हरवू नये.

मास्तरांचं नाव यादीवर परत चढलं. ऑपरेशनची तारीख मिळाली. बातमी द्यायला बाई सहा नंबरच्या पलंगाशी गेल्या तेव्हा ताईही होती. तिने बाईंचे दोन्ही हात धरले. बाईंनी ते सोडवून घेतले.

"आधी ऐका. तो सोमवार मी लावला होता. नऊ वर्षांपूर्वी, माझ्या हाताने लिहून. तुमचं नाव कापलं गेलं ते माझ्यामुळे."

ताईचा हात तसाच हवेत राहिला. "सव्वीस दिवस," ती हळूहळू म्हणाली. "सव्वीस दिवस पोरीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला. मी त्या खालच्या मुलीला शिव्या दिल्या, डॉक्टरांना दिल्या. आणि तुम्ही रोज माझ्या समोरून जात होतात!"

"हो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायची हिंमत झाली नाही."

बाईंचे डोळे भरून आले तसे मास्तर म्हणाले, "रडू नका बाई. तुम्ही रडलात की मला तुमची समजूत घालावी लागेल. मला आज राग आलाय, तो मला नीट येऊ द्या." आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. चार तास संपले. बाईंनी सुया काढल्या, पट्टी बांधली आणि वजन लिहून घेतलं.

कार्यालयाने जुनी दप्तरं काढली. सोमवारच्या एकोवरून एकोणीस जणांना नाकारलं होतं. सात जिवंत होते, त्यांना पत्रं गेली. बारा जणांच्या नावांपुढे कारकुनाने रेघ मारली. "मेलेल्यांना कसलं पत्र पाठवायचं, बाई?"

"त्यांच्या घरी माणसं आहेत ना?"

"त्यांना सांगून काय मिळणार? उगाच मनस्ताप."

"तुझ्या बापाच्या नावापुढे रेघ असती तर विचारलं असतंस का असं?" बाईंनी यादी त्याच्या हातातून काढून घेतली आणि गुरुवारच्या सुट्टीला घराबाहेर पडल्या.

पहिलं नाव एका पोस्टमनचं होतं. जाऊन दीड वर्ष झालं होतं. पत्ता एका इमारतीतला, तिसरा मजला. जिन्यात सायकली, दारात पुसून ठेवलेल्या चपला. पोस्टमनच्या बायकोने दार उघडलं, बाईंना ओळखलं आणि तिचा चेहराच उजळला. या काकूंची स्वतःचीच किडनी पोस्टमनला जुळली होती. नवऱ्याचं हृदय अठ्ठावीस टक्के निघालं म्हणून त्या दोघांना परत पाठवलं होतं.

"या, या! इकडे पंख्याखाली बसा. कुणी येत नाही हो आता तिथलं. ते फार नाव काढायचे तुमचं." काकूंनी खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले, पाणी आणलं. खोलीत एकच पलंग होता, त्याच्या एका अंगाला घड्या घातलेल्या साड्या रचलेल्या.

बाईंनी पाण्याला हात लावला नाही. बसल्याही नाहीत. जे सांगायचं ते त्यांनी उभ्यानेच सांगितलं. सोमवार, पाणी, कागद, सही, गुरुवार. काहीही गाळलं नाही, आणि आपण कशासाठी केलं होतं तेही सांगितलं नाही. तेवढी सवलत त्यांना घ्यायची नव्हती.

काकूंनी घड्यांतली एक साडी उगाच सारखी केली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांचं हृदय चांगलं होतं?"

"माहीत नाही, काकू. असेल, नसेलही. आम्ही परत बघितलंच नाही."

"मी म्हटलं होतं." काकूंचा आवाज अजिबात चढला नाही. "नाही म्हणून ते डॉक्टर निघून गेल्यावर मी तुमच्यामागे आले होते. जिन्यापाशी. म्हटलं, बाई, एकदा परत बघायला सांगा ना कुणाला. माझी किडनी तयार आहे, मी तयार आहे. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, काकू, आता आशा धरून बसू नका, त्याने त्रासच होतो. मग मी सोडून दिली. तुम्ही सांगितलंत म्हणून सोडली, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं."

बाईंना तो जिना आठवेना. त्यांनी खूप प्रयत्न केला. असं त्या कितीतरी जणांना सांगत आल्या होत्या.

"ओरडा माझ्यावर," त्या म्हणाल्या. "काहीतरी बोला."

काकूंनी पाण्याचा पेला उचलून आत नेला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला. मग त्या दाराशी आल्या, दार उघडलं आणि बाई बाहेर पडेपर्यंत ते धरून उभ्या राहिल्या.